मुठीचं माप

तीर्थस्वरूप अण्णांना,

साष्टांग नमस्कार. (बायकोच्या थोरल्या भावापुढे एवढं वाकावं लागतं. प्रत्यक्षात गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणून पत्रातच उरकून घेतो.) तुमचा खोकला, वहिनींची पाठ आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे ठेवण्याचं तुमचं व्रत, तिन्ही पूर्ववत असतील असं धरून चालतो.

पत्रास कारण एक टोमॅटो. चांगला पिकलेला, दिसायला शालीन. मी त्याच्यावर घरातली सुरी ठेवली, दाबली, आणखी दाबली. त्याने नुसती मान वाकवली आणि मग अकस्मात फुटून माझा शर्ट, भिंत आणि कॅलेंडरवरचे तीन रविवार व्यापले. शाळेत पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाचा एका फळाने असा जाहीर अवमान करावा, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. ती तुमच्या दप्तरी करतो.

मी सुरी घेऊन स्वयंपाकघरात काय करत होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या बहिणीच्या मनगटाचं प्लास्टर निघून दोन महिने झाले. हाड जुळलं, पण मुठीत जोर नाही. कप दोन हातांनी धरते, सुरी तर हातात ठरतच नाही. तिला विचारलं की म्हणते, “बरं आहे.” (तुमच्या घराण्यात सगळंच नेहमी बरं असतं.) तेव्हा चिराचिरी माझ्याकडे आली. मनात आलं, हलकी, धारदार, तिच्या हातात नीट बसेल अशी सुरी मिळाली तर ही पुन्हा चिरायला लागेल. सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

आता सुरीचं लक्षण काय करावं? ‘जी कापते ती’ म्हटलं तर अतिव्याप्ती होते, कारण तुमच्या धाकट्या काकांची जीभही त्यात येते. ‘जी चकाकते ती’ म्हटलं तर आमच्या घरची सुरीच लक्षणाबाहेर राहते. शास्त्राने हात टेकल्यावर मी मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने लाकडी ठोकळ्यात रोवलेल्या सहा सुऱ्या दाखवल्या, त्यातल्या एकीने कागद हवेतल्या हवेत उभा चिरला. मी भारावून सहाही घेऊन आलो. (आपल्याकडे कागद खात नाहीत, हे घरी पोचल्यावर आठवलं.) तीन आठवड्यांत धार गेली आणि भोपळा कापताना पातं मुठीत दुधाच्या दातासारखं हलायला लागलं. मी मूठ फोडून पाहिली. जिज्ञासा हा माझा जुना आजार. पातं आत जेमतेम एक पेर गेलेलं, भोवती थोडा डिंक आणि बाकी पोकळी. बाहेरून इतकं भारदस्त आणि आतून इतकं रिकामं असं काही मी शाळेच्या वार्षिक अहवालानंतर प्रथमच पाहत होतो.

मग कुणीतरी धारवाल्यांचं नाव सांगितलं. भांड्यांच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची खोली, आत भट्टी, तेलाचा डबा, लाकडाचे तुकडे आणि सत्तरीचे स्वतः धारवाले. मी फुटकी मूठ पुढे केली. त्यांनी वैद्याने जीभ बघावी तशी पाहिली आणि हसलेसुद्धा नाहीत. पात्याची शेपटी मुठीच्या पार टोकापर्यंत जायला हवी, हे त्यांनी दाखवलं. तापवून बुडवताना पोलादाला पाणी कमी बसलं तर धार मुडपते, जास्त बसलं तर तुकडा उडतो, हेही कळलं. स्टेनलेस वापरत नाहीत. त्यांची सुरी ओली ठेवली तर गंजते, लगेच पुसली तर आपल्यानंतरही राहते. तयार पात्यांवर ते नखाने टिचकी मारून कान देत होते. एक पातं त्यांनी मोडीत टाकलं. मला त्याचा आणि बाकीच्यांचा आवाज अगदी सारखाच वाटला, तसं मी बोललो आणि हा फरक कळतो कुणाला, असंही विचारलं.

ते म्हणाले, “आज कुणाला नाही कळत मास्तर. चार वर्षांनी घरच्या बाईला कळेल, आणि शिव्या मला बसतील.”

अण्णा, मी तासभर तिथेच बसलो. घरी गॅसवर दूध होतं, तेही विसरलो. (त्याचा वृत्तांत तुम्हाला दुसऱ्या पक्षाकडून पोचला असेलच.)

पण धारवाल्यांची एक रीत आहे. तयार मुठीची सुरी ते देत नाहीत. ओल्या मातीचा गोळा पुढे करतात, जो धरणार त्याने तो आवळायचा, आणि त्या ठशावरून लाकूड तासायचं. त्यांनी विचारलं, धरणार कोण? आता हिला घेऊन या म्हटलं तर ही येणार नाही. हात लोकांना दाखवायला ती कुठेच येत नाही. आणि घरातली फजिती परक्याला सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, मीच, आणि गोळा आवळला. त्यांनी ठसा उजेडात धरला आणि हा हात खडू सोडून कशालाच लागलेला दिसत नाही, असं निदान केलं.

सुरी आठवड्याने मिळाली. काय सांगू, माझ्या हातात अशी बसली की जणू जन्मतः सहावं बोट होतं ते सापडलं. हिच्या हातात दिली. तिची बोटं मुठीला वळसा घालू शकली नाहीत. सुरी ओट्यावर पडली. तिने ती उचलली, पुसली आणि माझ्यापुढे धरली.

“तुमच्या हाताची आहे. तुम्हीच चिरा.”

आवाज अगदी नेहमीचा होता. तेव्हापासून मी चिरतो. कांदा कागदासारखा पातळ होतो, गाजर एकसारखं, शेजारची मंडळी बघून जातात. वहिनींना कळवा, माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचायला हवी.

तुमचा मेहुणा

ता. क. मुलांना अनेक आशीर्वाद. फुटक्या मुठीच्या पाच बहिणी शिल्लक आहेत. हव्या असल्यास पाठवतो.

दुसरा ता. क. काल धारवाल्यांकडे जाऊन खरं ते सांगितलं. त्यांनी मातीचा दुसरा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. म्हणाले, कमी जोराच्या हातालाही मूठ होते, फक्त हात इथे आला पाहिजे. माझ्याबरोबर ती येणार नाही. थोरल्या भावाला नाही म्हणताना मी तिला अजून पाहिलेलं नाही. तुम्ही या रविवारी या, आणि तिला धारवाल्यांकडे घेऊन जा.

तिसरा. डॉक्टर म्हणतात, हात वापरला तरच परत येईल. ती उठायच्या आत मी सगळं चिरून ठेवतो. अण्णा, तिचा हात माझ्यामुळेच येत नाहीये, अशी मला भीती वाटते.