नमस्कारातून सुटलेले आभार

३ फेब्रुवारी

चि. कात्रीस,
अ. उ. आ.

आपला पिता देव आणि प्रभू येशू यांच्याकडून तुला कृपा आणि शांती लाभो. त्या देवाला सदासर्वकाळ गौरव असो. आमेन.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्या जोडीला ती. चर्चमधल्या बाकांना नवं पॉलिश झालं. ते वाळायच्या आत आमच्या पंचांचे चेअरमन, म्हणजे तुझ्या आवडीचे दंतवैद्य, पहिल्या बाकावर बसले आणि उपासना संपल्यावरही उठेनात. लोकांना वाटलं, भक्ती.

ऑर्गनवाल्या बाई मात्र हल्ली माझी प्रार्थना पुरी व्हायच्या आत वाजवायला लागतात. वय झालं त्यांचं. एकदा बोलायला हवं, पण दुखवायचं कसं? पाळकाचा निम्मा जन्म हाच हिशेब करण्यात जातो.

तुझ्या छापखान्यात काय चाललंय? दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. बाकीचे हे काम फुकट करत आले.

लोभ आहे, तो कात्रीपासून सांभाळावा.
तुझा दादा

९ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. सलाम वि. वि.

पत्र पोचलं. बाकांचं आणि दंतवैद्यांचं वाचून हसावं असा तुझा बेत असावा, पण माझं मन तिसऱ्या ओळीच्या पुढे गेलंच नाही. जे छापलंय ते कोणीही वाचतो. जे सुटलंय ते वाचायचा मला पगार मिळतो. आभार कुठे आहेत?

मी काही दूधखुळी नाही. बाबांची शिस्त तुझ्याइतकीच मलाही पाठ आहे. आधी कृपा, मग शांती, मग ज्याला लिहायचं त्या माणसाबद्दल देवाचे आभार. बायबलातल्या पत्रांत पौल बहुतेक मंडळ्यांना असंच लिहायचा. फक्त गलतीकरांवर तो इतका भडकला होता, की आभार गिळून टाकले, नमस्कारातच देवाचा गौरव केला आणि लगेच त्यांची हजेरी घ्यायला लागला. बाबांनी ते बरोबर उचललं. आभारांच्या जागी गौरव आला की पोरांनी समजायचं, आता आपली धडगत नाही. मला तशी दोन पत्रं आली. एक गणितात नापास झाले तेव्हा, दुसरं लग्न करणार नाही म्हणाले तेव्हा. तुझ्याकडून चाळीस वर्षांत एकही नाही. परवा आलं.

तेव्हा तुला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारत नाही. दंतवैद्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला आधी सुचायला हवं होतं. होय, चर्चच्या पंचांना पत्र मी लिहिलं. मी त्यांना कळवलं की आमच्या दादाचं विसरणं आता वयाचं राहिलेलं नाही, त्याला डॉक्टरकडे न्या आणि व्यासपीठावरून सन्मानाने उतरवा. १ मार्चच्या बैठकीत ते घेणार आहेत.

रागव. पण मी डोळ्यांनी पाहिलंय. घड्याळजीच्या अंत्यविधीला तू घड्याळजीच्या भावाला मातीत दिलंस. तो बिचारा पहिल्या बाकावर बसून स्वतःचे गुण ऐकत होता. लोक खाली बघत होते. एकतीस वर्षं ज्या जागी तू उभा राहिलास, तिथे कोणी तुझ्याकडे बघून हसू दाबावं, हे मला बघवेना. तुझ्याशी बोलायला हवं होतं. तोंड एवढं चालतं माझं, आणि नेमकं तेव्हा शिवल्यासारखं झालं.

वहिनीला सलाम. तिला यातलं काही माहीत नाही.

मायेत कपात करायची तर कर, पूर्ण बंद करू नकोस.
तुझी धाकटी

१६ फेब्रुवारी

कात्रीस,

नमस्कार गाळला आहे. या वेळी मुद्दाम, हे नोंदवून ठेव.

मला काहीही कळलेलं नव्हतं. दंतवैद्य एका अक्षराने बोलले नाहीत. तू स्वतःच्या तोंडाने सगळं ओकलीस. माझ्या पाठीमागे, माझ्याच पंचांना! परक्याने केलं असतं तर मी क्षमेवर प्रवचन केलं असतं. तू केलंस म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि आरोप कशावरून, तर मी आभार लिहिले नाहीत. मी लिहिले होते. मला लिहिताना आठवतंय. कार्बन ठेवून लिहिण्याची माझी सवय तुला ठाऊक आहे. तुझं थोबाड बंद करायला नक्कल काढली.

नाहीत.

नक्कल उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. कृपा आहे, शांती आहे, गौरव आहे. मधले आभार नाहीत. मी रागावलो नव्हतो, पोरी. मी विसरलो होतो. आणि विसरलो हेही मला माहीत नव्हतं.

तुझ्या वहिनीला कागद दाखवला. ती एरवी चष्म्याशिवाय घड्याळसुद्धा बघत नाही, पण तिने चष्मा मागितला नाही. मग हळूहळू तिच्याकडून निघालं. मी प्रार्थनेत मध्येच अडकतो. कधी तेच वाक्य तिसऱ्यांदा सुरू करतो. तेव्हा ऑर्गनवाल्या बाई वाजवायला लागतात आणि सगळी मंडळी मोठ्याने आमेन म्हणून मला सोडवते. हे त्या लोकांनी आपसात ठरवलेलं आहे. ती म्हणाली की वर्ष झालं.

मी त्या बाईंना सुनवायला निघालो होतो.

बैठकीला जायचं की त्याआधीच घरी बसायचं, ते ठरत नाही. तू उत्तर पाठवू नकोस.

दादा

२१ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. सलाम वि. वि.

उत्तर पाठवू नको म्हणालास म्हणून हे उत्तर नाही.

माझी चूक झाली, आणि ती मी समजत होते ती नव्हे. पंचांना लिहिलं ते बरोबर की चूक, यावर आपण म्हातारपणभर भांडू. पण सुटलेल्या ओळीत मी राग वाचला. तीस वर्षं हे काम करतेय. ओळ सुटली की पहिली शंका लिहिणाऱ्याच्या थकव्याची घ्यायची, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुझ्या बाबतीत तेवढंही सुचलं नाही. तू थकू शकतोस हे मी पंचांना कळवलं, मला स्वतःला पटलं नव्हतं.

एक विचारते. आभार गेले, पण गौरव राहिला. तो तू नमस्कारात का घातलास? तुझी ती पद्धत नाही.

बैठकीला जा. तुझ्याबद्दल बोलायचं तर ते तुझ्या तोंडावर बोलू देत. मी येऊ का, एवढंच कळव.

राग विसरशील अशी आशा धरायचीही आता चोरी झाली.
तुझी धाकटी

४ मार्च

चि. कात्रीस,
अ. उ. आ.

तुला कृपा आणि शांती असो. तुझ्याबद्दल मी देवाचे आभार मानतो आणि त्याचा गौरवही करतो. पौलाने त्या पत्रात दोहोंतलं एकच घेतलं. माझ्याकडे आता निवडत बसायला वेळ नाही.

गौरव का लिहिला विचारलंस. खरं सांगायचं तर आठवत नाही. कारण शोधून तुला दिलं असतं, पण ते प्रवचन झालं असतं. मला वाटतं, वरचं निसटत जाईल तसतसं तळाचं, सगळ्यात जुनं वर येत असावं. तसं असेल तर शेवटी जे उरेल ते वाईट नाही. पण मध्ये तुम्ही सगळे गळून पडलेले असाल, त्याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

बैठकीला गेलो. पंचांबरोबर मंडळीतलेही बरेच जण आले होते. तुझं पत्र चेअरमननी खणात ठेवलं होतं, बाहेर काढायला तयार नव्हते. मी मागून घेतलं आणि उभा राहून वाचून दाखवलं. त्यातल्या घड्याळजीच्या भावाच्या प्रसंगाशी आल्यावर थांबलो, कारण तो समोरच बसला होता. तो म्हणाला की काही बिघडलं नाही, एवढं चांगलं त्याच्याबद्दल पुन्हा कोण बोलणार. सगळे हसले. मीही हसलो आणि मग मला बसावं लागलं.

मग ते मायेने बोलायला लागले. म्हणाले, तुम्ही चालू ठेवा, आम्ही सांभाळून घेऊ, बाई वाजवतील, आम्ही आमेन म्हणू. एकाने तर माझ्या शेजारी कोणाला तरी वाचायला उभं करू म्हटलं. तीस जणांची ती माया अंगावर आली आणि मी घाबरलो. हे लोक मला शेवटपर्यंत उभा ठेवतील, आणि माझं काय झालंय ते मला कधीच कळू देणार नाहीत. त्या टेबलावर माझ्याशी खरं बोलणारा एकच कागद होता, आणि तोही माझ्या नावाने आलेला नव्हता.

राजीनामा दिला. नवीन पाळक येईपर्यंत शाळेतले मुख्याध्यापक वाचतील. डॉक्टरची वेळ गुरुवारची आहे. वहिनीने ती दोन ठिकाणी लिहून ठेवली आहे.

आलीस तर बरं. नाही जमलं तरी पंचांना पुन्हा लिहू नकोस. मला लिही. मी काय विसरलो ते लिही. तेही मी विसरलो, तर पुन्हा लिही.

तुझा दादा