झाकण मीच लावलंय

ताई,

मी दुकानावर जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गोळ्या उशाशी आहेत.

काल कप तुझ्या हातून सुटला, तरी "धड हातात देता येत नाही का?" असं तू फिजिओथेरपीवाल्या बाईंदेखत माझ्यावरच खेकसलीस. मग त्यांनी त्यांची दोन बोटं दाबायला सांगितली. तू दाबत होतीस आणि त्या विचारत होत्या, "आजी, दाबताय ना?" मला हसू आवरलं नाही. त्याबद्दल सॉरी.

डॉक्टरांनी सांगितलंच आहे, सांधेवाताची सूज नुसत्या सांध्यांवर थांबत नाही, वयाने उतरलेले स्नायूही पोखरते. म्हणून ताकदीची पावडर दुपारी दुधातून घ्यायचीच. ती ओट्यावरच्या बरणीत भरलीय. झाकण मीच लावलंय, चांगलं आवळून. लहानपणी तू खाऊची बरणी अशीच आवळायचीस आणि मी रडकुंडीला आले की म्हणायचीस, "जोर लाव, शेळपट!" पुढे पीटीची बाई झालीस आणि शाळाभरच्या मुलींना तेच ऐकवलंस.

ही चिठ्ठी मी त्याच बरणीत टाकतेय, पावडरीवर. वाचत असशील तर शाबास, तुला माझी गरज नाही. उद्याच बॅग भरते.

बरणी उघडलीच नसेल, तर संध्याकाळी येऊन मी ती तुझ्यासमोर उघडेन, चिठ्ठी फाडेन आणि दुधाचा कप तुझ्या ओठांना लावेन. तोंड तरी उघडशील ना, शेळपट?

धाकटी