खांबची माळ

पेण,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना नमस्कार.

इकडे माहेरी आम्ही मजेत आहोत. किमयाला खाली दोन दात आलेत आणि रांगत जाऊन ती सगळ्यांच्या चपला गोळा करते. तुमचे गुडघे कसे आहेत? फोन केला की तुम्ही कट करता, म्हणून तुमच्या लेकाबरोबर हे पत्र देतेय. आदेशला बजावलंय, शिफ्टवरून दमून आलास तरी आईंना सगळं वाचून दाखवायचं, एक ओळही गाळायची नाही.

तुम्ही निरोप धाडलात की नातीला घेऊन घरी ये, तुझी ताट-वाटी वेगळी काढून ठेवलीय. यायला मी एका पायावर तयार आहे. ताटाचं मात्र बोलायचंय.

सातव्या महिन्यात माझ्या रक्तात पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, निघाली. बाळाला लागू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि तुम्ही मला खांब गावाला नेऊन डोक्यावर काविळीची माळ घातलीत. ती वाढत वाढत कमरेपर्यंत आली तेव्हा तुम्ही देवापुढे साखर ठेवलीत. "उतरली गो बाय! आता कुनाला सांगू नको," म्हणालात आणि माझी फाईल कपाटात कुलपात घातलीत. तुमची माया मला कळत होती. म्हणूनच राग जास्त येतो.

आता जे आदेशलाही ठाऊक नाही ते लिहिते. आदेश, थांबू नकोस, वाच. माळ उतरली त्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. वीस दिवस. मला कुणी सांगितलं नव्हतं, कावीळ उतरली हे मलाच खरं मानायचं होतं. मग एका दुपारी बाळाने पोटात लाथ मारली आणि मी घाबरून पुन्हा सुरू केल्या.

बाळंतपणात सिस्टरने विचारलं, आधी काही आजार? तुम्ही म्हणालात, "काय नाय, समदा बरा हाय." मी कळा सोसत ओरडले, "मला पांढरी कावीळ आहे, बाळाला बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं लागतील!" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. तुमची मान खाली गेली. त्या ओरडण्याची मी माफी मागणार नाही.

काल रिपोर्ट आला. किमयाच्या रक्तात काही नाही. माझ्यातलं माझ्यापाशीच थांबलं. ती जन्मल्यापासून नऊ महिने माझा जीव त्या वीस दिवसांत अडकला होता. काल मी अंगणात बसून मोठ्याने रडले.

एका ताटात जेवल्याने हे पसरत नाही, डॉक्टरीणबाईंना मी तीनदा विचारून घेतलंय. तरी भीती वाटत असेल तर तुम्ही आणि आदेश दोघं तपासून लस घ्या, मी सोबत येते. पण माझी मुलगी तिच्या आईला कोपऱ्यात जेवताना बघणार नाही.

येत्या रविवारी दुपारी आपल्या अष्टमी गावी पोचते. पहिला घास तुमच्या ताटातला खाईन. नाहीतर किमयाला तुमच्या पायावर घालून तिला घेऊन पेणच्या गाडीने उलटी फिरेन.

फाईल काढून ठेवा. पुढच्या तपासणीला लागेल.

अंगात कावीळ असलेली, आणि तरीही तुमचीच सून,
सुरभी