काळा अंकुशी रुपया

७ सप्टेंबर, रविवार

घेतलं नाही! दोन तास स्टुलावर बसले, सतरा नाणी पाहिली, दोन चहा प्यायले आणि हात हलवत परत आले.

ठाण्यात जांभळी नाक्यामागे एका घड्याळवाल्याच्या दुकानात महेंद्र दर रविवारी नाण्यांचं टेबल मांडतो. इतर दिवशी पोस्टात नोकरी. चाळिशीचा असेल. मला वाटलेलं, नवखी बाई बघून काहीतरी गळ्यात मारेल. झालं उलटंच. मी एक रुपया उचलला तर म्हणतो, "मॅडम, आज फक्त बघा. पहिल्याच दिवशी घेतात ना, ते नंतर मला शिव्या घालतात." हा शिक्षक व्हायला हवा होता. माझ्यापेक्षा बरा झाला असता.

तीस वर्षं वर्गात पेशवाई शिकवली. लढाया, तह, सनावळ्या — झोपेतही म्हणून दाखवीन. पण त्या काळातलं म्हणून काही हातात कधी धरलं नव्हतं. निवृत्तीनंतर वाचनालयातल्या प्रदर्शनात काचेखाली अंकुशी रुपया पाहिला आणि तो डोक्यात बसला. पुण्याच्या टांकसाळीतला, वर हत्तीच्या अंकुशाची खूण. आणि अक्षरं चक्क फारसी, दिल्लीच्या बादशहाच्या नावाची! हे मी मुलांना कधी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. लाज वाटली. मजाही वाटली.

डोंबिवलीला घरी पोचले तर हे, सकाळी बसवून गेले होते तसेच, खिडकीत.

"मिळालं?"

"नाही. पुढच्या रविवारी."

"उद्यापासून पितृपक्ष. चांदी आणू नकोस घरात."

"दोनशे वर्षांचं नाणं आहे. तेच पितर आहे!"

हसले. डाव्या गालाने जास्त, उजव्याने कमी. पण हसले.

९ सप्टेंबर, मंगळवार

अक्षदा येऊन गेली. शहाडची पोरगी, व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा येते. आज ह्यांनी तिचा स्पंजचा चेंडू सोफ्याखाली फेकला. डाव्या हाताने, अर्थात.

"काका, दहा वेळा दाबा. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी तूच दाब."

ती हसली. मला हसू आलं नाही. जानेवारीत अर्धांगाचा झटका आला त्याला आठ महिने झाले. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात तेवढा रुसून बसलाय. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या वर्षात जे येईल ते येईल, पुढे अवघड. म्हणजे चार महिने उरले. आणि हे चेंडू फेकतायत!

पस्तीस वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले ह्या माणसाने. आता शर्टाचं बटण मी लावते. कुणाच्या लग्नाला येत नाहीत, कारण पंगतीत डाव्या हाताने जेवावं लागेल. मी चिडते, ओरडते. रागाने नाही. घाबरून. पण ते त्यांना कसं कळणार? मी कधी सांगितलंय?

१४ सप्टेंबर, रविवार

घेतला!!

बेचाळीसशे रुपये. दीप्तीला फोनवर सांगितलं तर टिटवाळ्याहून किंचाळली, "आई, त्यात मिक्सर आला असता!" माझ्या लेकीला दोनशे वर्षांपूर्वीचं काही नको, ह्या दिवाळीचं हवं.

काय देखणा आहे! देखणा म्हणजे — वेडावाकडा आहे. गोल म्हणावा तर गोल नाही, जाड आहे, कडेला सराफाचा ठोका. चांदी खरी की खोटी बघायला सराफ असे टोचे मारत, म्हणे. रंग काळा, उन्हात धरला की निळसर. आणि अंकुश पूर्ण! महेंद्र म्हणाला, ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे एरवी अंकुश अर्धामुर्धाच उमटलेला मिळतो. "हा मला दोन वर्षांपूर्वी मिळालेला. तुमच्यासारखं कुणी येईल म्हणून ठेवलेला." सगळ्यांनाच सांगत असेल. तरी बरं वाटलं.

निघताना म्हणाला, "एकच सांगतो. घासायचं नाही. पाणीसुद्धा लावायचं नाही. हा काळा रंग यायला दोनशे वर्षं लागलीत. तो गेला की नुसती चांदी उरते." मी म्हटलं, मी काय खुळी आहे?

त्याच्याकडे क्षत्रपांचं एक नखाएवढं नाणं आहे, वर चैत्याची खूण. ते फक्त दाखवलं. "हे विकायचं नाही. हे माझं." बुद्धाच्या तसबिरीसमोर ठेवतो घरी. देवापुढे चांदी ठेवायची रीत सगळीकडे सारखीच!

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून नऊ वेळा पाहिला. भाजी करपली.

१७ सप्टेंबर, बुधवार

ह्यांना दाखवला. भिंग लावून दिलं. बराच वेळ बघत होते.

"रेघ छान आहे. अंकुशाची. हाताने कोरलाय ठसा." मग म्हणाले, "पण किती काळा आहे गं!"

आमच्याकडे चांदी घरात आली की आधी देवापुढे. रुपया देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेशेजारच्या वाटीत ठेवला. नवरात्र झालं की डबीत.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहायलाच नको. पण लिहिते.

दीप्तीकडे टिटवाळ्याला गेले होते. संध्याकाळी परतले तर हे स्वयंपाकघरात टेबलाशी, तोंडभर हसू. समोर ताटात सगळे देव लखलखीत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, निरांजन. आणि मधोमध रुपया. पांढराशुभ्र! काल विकत आणलेल्या स्टीलच्या वाटीसारखा!

"सोमवारी घट बसणार. तुझी धावपळ. म्हटलं, मी करतो."

टूथ पावडरीने घासलेला. टेबल पांढरं, सदरा पांढरा, हात पांढरे.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. "कुणी सांगितलं होतं!" हे तीनदा तरी म्हटलं. ह्यांचा चेहरा उतरला. एकच म्हणाले, "काळी चांदी देवापुढे... बरं दिसत नाही ना."

आणि खरंच, ह्या घरात देव घासायचं काम पहिल्यापासून ह्यांचंच. नवी नवरी आले तेव्हा मला नवल वाटायचं — बाकीच्या घरांत पुरुष ढुंकून बघत नाहीत, हा माणूस सणाच्या आदल्या दिवशी पावडर घेऊन बसतो! सासूबाई म्हणायच्या, त्याच्या हाताला चकाकी आहे. जानेवारीपासून मीच घासत होते, कसंबसं. महेंद्रने मला सांगितलं, मी ह्यांना सांगितलं नाही. देव्हाऱ्यात काळी चांदी मीच नेऊन ठेवली. चूक कुणाची, सांगा आता.

पण तरीही नुसतं ताट वाढलं आणि आत गेले.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळीच ठाण्याला. महेंद्रने रुपया हातात घेतला. भिंगही काढलं नाही. तिथेच कळलं.

"परत काळा होईल?"

"होईल ना मॅडम. दोनशे वर्षं थांबा." मग माझं तोंड बघून नरमला. "विकायला आलात तर चांदीचा भाव, जरा वर. ठेवायचा तर ठेवा. नाणं खरंच आहे, ते कुठे गेलंय? पण घासलंय कोणी एवढं? कोपरान् कोपरा काढलाय."

"आमच्या ह्यांनी. झटक्यापासून उजवा हात चालत नाही त्यांचा, तरी उजव्या तळव्याच्या रेघारेघांत पावडर भरलेली..."

बोलता बोलता थांबले.

उजव्या तळव्याला पावडर! ओरडण्याच्या भरात काल ते दिसूनही लक्षात आलं नव्हतं. आठ महिने ज्या हाताने चमचा धरला नाही, त्या हाताने सगळे देव घासले! दुपारभर! आणि मी — मी रुपयासाठी रडत होते!

महेंद्रने पाण्याची बाटली पुढे केली. "मग फुकट नाही गेला, मॅडम," म्हणाला.

घरी आले. चपला न काढता आत गेले आणि ह्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. "ह्या हाताने घासलंत? ह्याने?" आणि रडूच फुटलं. बावन्न वेळा तरी त्या बोटांचे पापे घेतले असतील. साठीची बाई!

"अगं, ते..." म्हणाले. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं."

लाजले! सदतीस वर्षांत पहिल्यांदा.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. रुपया देवापुढे. चमकतोय मेला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांना सांगून झालं. दीप्ती फोनवर रडली. शेजारच्या गोदूबाईंनी पेढे आणले. अक्षदाला दारातच सांगितलं. तिने हात तपासला, बोटं दाबायला लावली, कपाळाला आठी.

"काकू, पकड तर गेल्या वेळेएवढीच लागतेय..."

"दमलोय आज," हे म्हणाले.

दमणारच! एवढं घासल्यावर! ह्या नव्या पोरींना सगळं आकड्यांत हवं असतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आता नवं खूळ. रोज दुपारी विचारतात, "अजून काय काळं आहे घरात?" करंडा झाला, पळी-पंचपात्र झालं, दीप्तीचे बाळपणीचे वाळे झाले, माझे लग्नातले पैंजण झाले. आज गोदूबाईंची अत्तरदाणी मागून आणायला लावली!

पण समोर बसू देत नाहीत. खोलीचं दार लावून घेतात. "तू बघतेस आणि मग हात चालत नाही." बरं बाबा! मी बाहेर भाजी निवडते. आतून काहीतरी पडल्याचा आवाज येतो. परत पडतो. एकदा तर शिवी ऐकू आली. आत जायला उठले आणि परत बसले. कसं बसवलं ते माझं मला माहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ह्यांनी आपट्याचं पान दिलं. उजव्या हाताने. दोनदा खाली पडलं, तिसऱ्यांदा माझ्या तळहातावर आलं. मी तेवढा वेळ हात पुढे धरून उभी होते. नमस्कार केला तर म्हणाले, "पुरे आता, श्रीखंड वाढ."

७ ऑक्टोबर, मंगळवार

अक्षदा म्हणाली, पकड वाढली. तिचं यंत्र दाखवतंय! "काका, काय केलंत काय?" हे म्हणाले, "चोरून अभ्यास." आणि दोघंही हसले. मला सांगेनात कशाला हसले ते.

चेंडू मात्र अजून सोफ्याखालीच आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

महेंद्रकडे गेले. ह्यांना घेऊन! रिक्षा, सरकता जिना, लोकल, पुन्हा रिक्षा — पण आले. तिथे दोघांची गट्टी जमली. ठसा कसा कोरत असतील ह्यावर तासभर. मला कुणी विचारेना. चहाचा कप ह्यांनी डाव्याच हाताने उचलला, पण उजवा खाली आधाराला होता. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

महेंद्रने एक काळा रुपया काढला, ह्यांच्याकडे बघितलं आणि पटकन आत ठेवला. काय हसलो आम्ही!

खोटं कशाला लिहू? माझा रुपया बघितला की अजून हळहळते. तो निळसर काळा रंग काही परत यायचा नाही. पण कुणी येऊन म्हणालं, बाई, काळा रुपया परत घ्या आणि हात देऊन टाका — तर त्याला झाडूने हाकलीन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सरोज, हे मी लिहितोय. आनंद. तू बाजारात गेली आहेस. मागचं काही वाचलेलं नाही.

देव आणि तुझा रुपया मी डाव्या हाताने घासले होते. उजवा तळवा नुसता खाली धरला होता, घसरू नये म्हणून. त्या रविवारी तू हात धरून रडलीस. मला खरं सांगवेना. दुसऱ्या दिवसापासून दार लावून उजव्याने घासायला लागलो.

एवढ्या ओळींना पाऊण तास लागला. उजव्या हाताने.