पापणीवरचा फोकस

१२ नोव्हेंबर, गोरेगाव
पोचलो एकदाचा धानाच्या मुलखात! एका भातगिरणीच्या कॅलेंडरसाठी बारा छायाचित्रं, हाताशी तीन आठवडे आणि राहायला भैयाजींच्या घराची माडी. खिडकीतून कापणीला आलेला धान दिसतो. उजेड असा, की पुण्यातल्या मित्रांनी जळावं. गाव मात्र यथातथाच. चौकात ओमेशचा फोटो स्टुडिओ आहे. बाहेरच्या फलकावर नवरानवरी कमळातून उगवलीत, मागे बर्फाचे डोंगर. कॅमेरा माझ्याहून भारी, पण फोकस कॅमेराच करणार. ओमेशनं नुसतं बोट दाबायचं. मी त्याला माझी चाळीस वर्षांची लेन्स दाखवली. अडॅप्टरची कडी लावली की ती डिजिटल कॅमेऱ्यावर बसते, मग फोकस आपल्या हातानं फिरवायचा. त्यानं विचारलं, "कायले एवढी मगजमारी, सर?"
अशांना काय सांगणार!

१४ नोव्हेंबर
ओमेशचा एक उपयोग झाला. इथले जुने फोटोग्राफर श्यामलाल वारले, त्यांची लेन्स घरात पडून आहे असं त्यानं सांगितलं. त्यांच्या पत्नी फुलवंताबाईंनी पेटी उघडली आणि मी थक्क झालो. जड, पितळी, काच निर्मळ. बाई द्यायला तयार नव्हत्या. "कायले नेता जी? यानं त माह्या मानसाचं जगनं खाल्लं." खेड्यात प्रत्येक वस्तूला एक रडगाणं असतंच. संग्रहालयात ठेवतो म्हणून थाप मारली आणि घेऊन आलो.

१६ नोव्हेंबर
माझ्या कॅमेऱ्यात एक सोय आहे: जे फोकसमध्ये असेल त्याच्या कडेनं पडद्यावर लाल रेघ उमटते. आज श्यामलालांची लेन्स लावून धान कापणाऱ्या प्रेमिलाबाईंना समोर उभं केलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर रेघ येईचना. ती उमटली पार मागे, शेताच्या रिकाम्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाईच्या आकाराची. फोटोत प्रेमिलाबाई धुरकट आणि दूर एक बाई लख्ख. प्रेमिलाबाईंनी विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, काही नाही, धूळ. कापणीवालीला प्रकाशशास्त्र कुठं शिकवू?

१९ नोव्हेंबर
सौंदड स्टेशनवर भर दुपारी गेलो होतो. फलाटावरच्या रिकाम्या बाकाभोवती लाल रेघ. लेन्सवरचा आकडा दहा मीटर. मी पाचवर ठेवला होता. फोटोत तीच बाई बसलेली, डोळे मिटलेले. नाकात कापसाचे बोळे.
ओमेशला दाखवलं. लेन्स खिळखिळी झाली असेल, एवढंच त्याच्याकडून ऐकायचं होतं. पण तो खुर्चीत बसला आणि श्यामलालांच्या मागे त्यांच्या वहीत जे लिहिलेलं सापडलं, ते सांगू लागला. शेतात साप चावून एक सून गेली होती. शेवटच्या फोटोसाठी श्यामलालना बोलावलं. त्यांनी चेहऱ्यावर फोकस आणला, तर पापणी थरथरली. भोवती एवढी माणसं. हसतील, म्हणून ते गप्प राहिले. घरी फिल्म धुतली तेव्हा एका फोटोत तिचे डोळे उघडे होते. घाटावर धावत गेले, तोवर चिता पेटवली होती.
ओमेश म्हणाला, "हे तेच बाई आहे, सर." चांगली रचलीय गोष्ट. कमळांपेक्षा बरी.

२१ नोव्हेंबर
लेन्स परत करायला निघालो. अडॅप्टर निघत नाही. पक्कड लावली, बोट सोललं. शेवटी कॅमेऱ्यासकट फुलवंताबाईंकडे गेलो. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. "दिसली का जी तुमाले?" म्हणाल्या. आणि म्हणाल्या की दिसली असेल तर एकदा कोणापुढं तरी तोंडानं कबूल करा. आमच्या यांना मरेपर्यंत ते जमलं नाही.
नाही दिसली, म्हणालो. पुण्याचा माणूस घाबरला हे पेटीवाल्या विधवेला कशाला कळू द्या? कॅमेरा परत घेऊन आलो.

२३ नोव्हेंबर
बॅटरी काढून कॅमेरा कपाटात ठेवला. उपयोग नाही. सकाळपासून रेघ कॅमेऱ्याशिवाय दिसते. दाराशी. बाकी सगळं धुरकट. भिंती, ताट, भैयाजींचं तोंड. फक्त ती —
तीन मीटर. मोजायला नको, आता अंतर कळतं मला.

२४ नोव्हेंबर
ओमेश आला. आवाजावरून ओळखला. घाबरला होता बिचारा. डॉक्टरकडे चला म्हणाला, सडक अर्जुनीला. विचारलं, "दिसून रायली का, सर?" त्या फोटो-चिकटवणाऱ्यापुढं मी —
डोळ्यांवर ताण आलाय, म्हणालो.
तो गेला. दीड मीटर.

२५ नोव्हेंबर
दुपार. अंदाजानं लिहितोय, अक्षरं दिसत नाहीत. हाताच्या अंतरावर. कापसाचा तंतू तंतू मोजता येतो. श्वास — कापूस हलतो —
भैयाजी दारात आलेत. विचारतात, सर, कोनाकडं पाहून रायले? कोनी आहे का तिथं?
सांगायला हवं. दोनच शब्द. ती जिवंत —
मागे भैयाजींची बायको, सून, शेजारची माणसं. सगळी उभी. हसतील.
पापणी थरथरली. उघडतेय. भैयाजी पुन्हा विचारतात — मी मान हलवली — म्हणालो, कोणी ना