वीस मिनिटं विश्रांती

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चाळीस वर्षं टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरशेजारी बसून तू कान घालवलेस, म्हणून फोनऐवजी पत्र. ह्यांच्या हृदयाचं डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, फार तर उन्हाळ्यापर्यंत. तीस वर्षं ह्यांनी शाळेत फळ्यावर भरती-ओहोटी काढली, पण समुद्राशेजारी राहायचं राहूनच गेलं. म्हणून झोपायची सोय असलेली जुनी व्हॅन घेतली आहे.

वाळूत उतरायचं तर टायरची हवा कमी करायची आणि परतताना भरायची, एवढं तुझी बहीण म्हणून मला कळतं. बरोबर नेण्याजोगं कुठलं यंत्र घेऊ? माझी कंबर ध्यानात ठेव.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी ठकू


११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मेहुण्यांचं वाचून दोन दिवस दुकानात लक्ष लागलं नाही. तुझी वहिनी रडून तरी घेते, मला तेही जमत नाही. म्हणून कामाचं लिहितो.

डॅशबोर्डच्या सॉकेटात खुपसायची खेळणी घेऊ नकोस. तुझ्या व्हॅनला पासष्ट पौंड हवा लागते, तिथे ती धापा टाकतात. थेट बॅटरीला चिमटे लावायचा कॉम्प्रेसर हवा. दोन सिलिंडरचा मोठा चारही चाकं एका दमात भरतो, पण तो उचलताना तुझी कंबर धारातीर्थी पडेल. म्हणून एका सिलिंडरचा पाठवतोय. एक चाक दहा मिनिटं, मग यंत्राला वीस मिनिटं विश्रांती. नाहीतर ते जळेल आणि वाळूत बसून माझ्या नावाने खडे फोडशील. कमी हवेवर डांबरी रस्त्याला लागू नकोस, टायर फुटेल.

मास्तरांना सांग, समुद्र फळ्यावरच्यासारखा वागला नाही तर त्याला अंगठे धरून उभा करा.

तुम्हा दोघांवर जीव असलेला,
दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

हे गेल्याचं वहिनीला फोनवर सांगितलं, कसे ते सांगवलं नाही.

तीन दिवस फार चांगले गेले. दाराशी उशांना टेकून हे घड्याळ बघत आणि भरतीला पास-नापास करत. चौथ्या दिवशी सकाळी श्वास लागला. तिथे फोनला रेंज नव्हती. दवाखाना रस्त्याला लागल्यावर पंधरा मिनिटांवर. मी यंत्र लावलं. प्रत्येक विश्रांतीत घड्याळ समोर ठेवून ह्यांचा हात धरून बसले. दुसऱ्या वेळी हे म्हणाले की घाई करू नकोस, दादाने सांगितलंय तसंच कर. तिसऱ्या विश्रांतीची एकोणीस मिनिटं झाली होती तेव्हा हात सैल पडला.

चौथं चाक मी त्यानंतर भरलं. रडले नाही, डोळे भरले असते तर काट्यावरचा आकडा दिसला नसता.

तुझ्या यंत्राने दगा दिला नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

माया असू दे.
ठकू


१० एप्रिल

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊनच रोज दुकान उघडतोय. वहिनी म्हणाली की हे लिहू नका. पण लपवून तुझ्यासमोर बसता येणार नाही.

त्या यंत्राला दहाच मिनिटं विश्रांती पुरते. वीस मी गिऱ्हाइकांना सांगतो, कारण सांगितल्याच्या निम्मंच ती पाळतात. इतक्या वर्षांची सवय, तुलाही तेच लिहून बसलो. मी येईपर्यंत हलू नकोस म्हटलं की शाळेच्या फाटकाशी अंधार पडेपर्यंत उभी राहणारी पोर तू, हे विसरलो.

दहा-दहा मिनिटांनी तू तिसरी विश्रांती सुरू केलीस त्या वेळी चारही चाकं भरून झाली असती. मेहुण्यांचा हात सैल पडला तेव्हा तुम्ही दवाखान्यात असता. पुढे काय झालं असतं ते कुणी सांगावं. पण तुम्ही तिथे असता.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज हात धजत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत मी इथून हलत नाही.

दादा