बावीस इंचांचं दार

३ मार्च, संध्याकाळ

कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. सगळं माझ्या हातचं, कुणी शिकवलेलं नाही. मापात सुताचाही फरक नसतो, असं मीच सांगत फिरतो.

आज दवाखान्यातल्या समाजसेविका ताई मला मार्केट यार्डामागच्या वस्तीत घेऊन गेल्या. त्यांच्या दवाखान्यातल्या, चालता न येणाऱ्या शांताबाईंसाठी मी केलेली चाकाची खुर्ची गल्लीतच उभी, तिच्यावर शेजारणीची गोधडी वाळत घातलेली. बाई आत, जमिनीवर. खुर्ची पंचवीस इंच रुंद, दार बावीस. सतत झोपून राहून बाईंच्या पाठीला जखमा झाल्या. दवाखान्याने दोनदा बऱ्या केल्या आणि दोनदा बाईंना त्याच फरशीवर परत पाठवलं. घर बघायला कुणी आलंच नव्हतं. मी तरी कुठे आलो होतो?

"अहो काका, बाईंचं माप घेतलंत. दाराचं कुणी घ्यायचं?" ताई म्हणाल्या.

शांताबाईच हसून म्हणाल्या, "असू द्या हो, गोधडी झ्याक वाळती."

मला तिथे उभं राहवेना. बावीस इंच! चौकट उद्या मीच काढतो.

खराडीच्या एका कंपनीला गरजूंना वाटायला एकाच मापाच्या पन्नास खुर्च्या हव्या होत्या. घरी येताच फोन करून म्हटलं, आधी घरं दाखवा. तेवढा वेळ नाही म्हणाले. मग मीही नाही म्हणालो. साडेतीन लाख रुपयांचं काम गेलं.